प्लॉट नंबर तीनचा फोटो

कोसमटोली धान फार्म
ता. ८ डिसेंबर १९५७

ती. गुणवंतभाऊस,

नीलाचा नमस्कार. मागच्या पत्रात तू माझ्या फोटोंना 'माशा बसलेले कागद' म्हणालास, ते मी विसरलेले नाही. वहिनीला ते दाखवून दोघं हसलात, हेही तूच लिहिलंस. भाऊबीजेला लोक बहिणीला लुगडं देतात. तू दुकानातला जुना बॉक्स कॅमेरा दिलास आणि वर हसतोस. या वेळचा रोल धुतलास की कळेल कोणी हसायचं ते.

लांबून पाखरू माशीएवढंच दिसणार, एवढं मलाही समजतं. म्हणून या खेपेला तू दिलेली जवळची काच लावली. ओसरीसमोर उखळ, उखळावर पालथी टोपली, टोपलीवर कॅमेरा आणि वरून गोणपाट. खटक्याला काळा दोरा बांधला आणि तो खिडकीतून थेट चुलीपर्यंत आणला. डाव्या हातात दोरा, उजव्या हातात पळी. दोन दिवस वरण करपलं. ह्यांनी मुकाट्याने खाल्लं. फार्मवर कामदार म्हणून साहेबांचं काहीही मुकाट्याने गिळायची सवय झाली आहे, ती घरी अशी कामी येते.

पाखरं ओसरीवर का येतात म्हणून तू विचारलं होतंस. इथे धान कापून झालं की बाया शेवटच्या लोंब्यांची वेणी घालून झुबका विणतात आणि मालकाच्या घरी वळचणीला टांगतात. तो पाखरांचा वाटा, माणसाने त्यातला दाणा घ्यायचा नाही. इथे शेताचा मालक सरकार. आता सरकारला वळचण कुठून आणायची? म्हणून सोमारीने सगळ्या क्वार्टरांना एकेक झुबका टांगला, साहेबांच्या बंगल्यालाही. बंगल्यातल्या बाईंनी हौसेने टांगून घेतला.

सोमारी म्हणजे आमच्या बीजप्लॉटची राखणदारीण. गोंडाची बाई, पन्नाशीची, मागेपुढे कोणी नाही. फार्मच्या बांधावर झोपडी आहे तिची. धान उभं असेतो माळ्यावर बसून गोफण फिरवते, डबा वाजवते, आणि धान निघालं की लाखोळीचं पीक राखते. पाखरांना अशा शिव्या देते की ऐकणाऱ्याने कानावर हात ठेवावा. आमचा झुबका टांगताना मात्र म्हणाली, "आता खा म्हना. चार महिने मीनंच हाकललं, आता मीच बलावते."

राखण चांगली झाली, धान मात्र धड झालं नाही. प्लॉट नंबर तीन अर्धाअधिक पोकळ निघाला. लोंबी भरायच्या वेळेला तलावाचं पाणी सुटायला हवं होतं, ते सुटलं नाही. साहेबांचे पाहुणे बदकांच्या शिकारीला यायचे होते, तलाव भरलेला हवा होता. ह्यांनी दोनदा विचारलं आणि दोनदा बोलणी खाल्ली. हे पत्रात लिहू नको असं हे म्हणतात, म्हणून लिहिते आहे.

रोल सोबत पाठवते. निगेटिव्हवर ओरखडा आला तर गाठ माझ्याशी आहे.

तुझी
नीला

*

जटपुरा गेटजवळ, चांदा
ता. २१ डिसेंबर १९५७

चि. सौ. नीला हिस आशीर्वाद.

माझे शब्द मागे घेतो. सात फोटो वाया, पण सहाव्या नंबरचा पाहून मी दोन मिनिटं डार्करूममध्ये तसाच उभा राहिलो. एक मुनिया लोंबीला उलटी लटकली आहे, चोचीत दाणा आहे, आणि दुसरी तिच्यावर खेकसते आहे. छातीवरचे खवले न् खवले उठले आहेत. तुझ्या वहिनीला हाक मारली, तर ती म्हणाली, आधी माझी न्हाणी मोकळी करा. तुला माहीत आहे, न्हाणीत मी डार्करूम केल्यापासून ती मागच्या अंगणात ताट्याआड अंघोळ करते. या थंडीत मला काय काय ऐकावं लागतं, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

एक दोष होता. फोटोत वर वळचण आणि वेणी, मागे दार, आणि दारात वाळत घातलेलं जावईबापूंचं धोतर. मुनियांच्या पाठीशी धोतर याला कला म्हणत नाहीत. ते सगळं मी कापून काढलं. आता नुसत्या लोंब्या आणि पाखरं उरली आहेत. उभ्या शेतात शिरून काढल्यासारखा दिसतो. मोठा करून दुकानाच्या काचेत लावला आहे. कचेरीत जाणारे लोक सायकलवरून उतरून बघतात.

आनंदाची गोष्ट पुढेच आहे. परवा तुमचे साहेब चांद्याला आले होते, ते दुकानापुढे थांबले. बराच वेळ बघत होते. मग आत आले, कोणी काढला, कुठे काढला, सगळं विचारलं. तीन प्रिंट घेतल्या. मागे चार शब्द लिहून हवे होते, तेही लिहून दिले. जावईबापूंचं नाव मी मुद्दाम दोनदा घेतलं. फार समाधानाने गेले. फेब्रुवारीत इथे शेतकी प्रदर्शन आहे, त्याच्या फोटोंचं काम आपल्याकडे यावं असं त्यांनी सुचवलं. तुझ्या मुनियांनी आपलं भलं केलं म्हणायचं.

दुसरा रोल पाठवतो. आता पोपट बघ जमतो का. धोतर दुसरीकडे वाळत घाल.

तुझा
गुणवंतभाऊ

*

कोसमटोली
ता. ४ जानेवारी १९५८

गुणवंतभाऊ,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून लिहिला नाही.

परवा सकाळी सोमारी दारात आली. हातात कागद. इथे कोणाचं काही आलं की ते वाचायला माझ्याकडे येतात. "बाई, पत्रू शिपायानं देल्लं. काय लिवलं पाहा बरं." मी पिठाचे हात पदराला पुसून वाचायला लागले. तिसऱ्या ओळीवर आले तेव्हा कळलं आपण काय वाचतो आहोत ते, पण तोवर अर्धं वाचून झालं होतं आणि ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

राखणीत हयगय झाल्यामुळे बीजप्लॉट नंबर तीनचं धान पाखरांनी खाल्लं. सबब सोमारी हिला कामावरून कमी करण्यात आलं आहे. जानेवारीअखेर तिने बांधावरची झोपडी मोकळी करावी. पुराव्यादाखल छायाचित्र.

"छायाचित्र म्हंजे काय जी?"

"फोटो."

"कोनाचा फोटो?"

मी सांगितलं, पाखरांचा. तिला आधी हसूच आलं. मग म्हणाली, "तुमी दोऱ्यानं वढत होत्या तो?" मी मान हलवली. कागदाची घडी घालून कमरेला खोचली आणि गेली. मला ती दोन शिव्या देती तर बरं झालं असतं. पाखरांना इतक्या देते.

ह्यांना ऑफिसात पिटाळलं आणि प्रिंट बघायला आणवली. माझीच मुनिया, माझ्याच ओसरीवर उलटी लटकलेली. मागे तुझ्या स्टुडिओचा शिक्का आणि तुझं ते वळणदार अक्षर. 'बीजप्लॉट नंबर तीन, कोसमटोली. नोव्हेंबर १९५७.' खाली तुझी सही.

कुठला प्लॉट? कुठला नोव्हेंबर? नोव्हेंबरात मी काढलेल्या फोटोंना तू माशा म्हणालास. हा रोल डिसेंबरचा आहे, माझ्या आठ तारखेच्या पत्रासोबत तुला मिळाला. ओसरी, वेणी, झुबका, सगळं त्या पत्रात सविस्तर लिहिलं होतं. वळचण तर तूच कात्रीने कापलीस. चार शब्द लिहून दिले म्हणतोस, ते हे चार शब्द? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि तू मला पोपटाचे फोटो काढायला सांगतोस.

पाणी अडवलं साहेबांनी, धान वाळलं पाण्यावाचून, आणि शिक्षा तिला. तिने राखलेल्या शेतात मी चार महिन्यांत दहा पाखरं टेकलेली पाहिली नाहीत. आणि पुरावा कोणाचा, तर माझा.

हे पत्र मिळताच बसायचं आणि लिहायचं. फोटो कुठे काढला, कधी काढला, काय कापलं. साहेबांना एक प्रत, मला एक प्रत. सबबी नकोत.

नीला

*

चांदा
ता. १० जानेवारी १९५८

चि. सौ. नीला हिस आशीर्वाद.

मोठ्या भावाला असं पत्र लिहितात? मी ते तुझ्या वहिनीला वाचूनही दाखवलं नाही. तुझा संताप मी समजू शकतो, पण जरा माझ्या जागी उभी राहून बघ. मी दुकानदार माणूस आहे. गिऱ्हाईक म्हणालं, मागे ठिकाण लिहा. कोणतं ठिकाण, तर त्यांनी सांगितलं ते. महिना त्यांनी सांगितला तो. ते त्याचं पुढे काय करणार हे मला काय ठाऊक? लग्नाच्या फोटोमागे लोक तारीख सांगतात ती मी लिहितो, पत्रिका मागत नाही.

आता शांत डोक्याने ऐक. समज, मी लिहिलं की हा फोटो माझ्या बहिणीच्या ओसरीवरचा आहे. साहेब पहिला प्रश्न काय विचारतील? ओसरीवर धान कुठून आलं? सरकारी बियाण्याच्या लोंब्या, प्रयोगाच्या. त्या कोणी कापल्या? सोमारीने. कोणाच्या घरी सापडल्या? कामदाराच्या, म्हणजे जावईबापूंच्या. आज तिच्यावर हयगयीचा ठपका आहे. उद्या चोरीचा येईल, आणि तो एकटीवर येणार नाही. तुझ्या हातात काय देऊ म्हणतेस, विस्तव?

म्हणून सांगतो, गप्प बसण्यात तिचंही भलं आहे. ती जंगलाची माणसं. मोह वेचतील, पानं तोडतील, त्यांचं अडत नाही. आपल्यासारखं नोकरी गेली म्हणून आभाळ कोसळत नाही त्यांच्यावर.

प्रदर्शनाचं काम नक्की झालं आहे. कमळाला या उन्हाळ्यात वेगळी न्हाणी बांधून देईन म्हणतो.

तुझा
गुणवंतभाऊ

*

कोसमटोली
ता. १६ जानेवारी १९५८

गुणवंतभाऊ,

तू आणि हे एकाच मास्तरच्या हाताखाली शिकलात काय? ह्यांनी अगदी हेच सांगितलं, याच क्रमाने. लोंब्या कुठल्या, कोणी कापल्या, कोणाच्या घरी. फरक एवढाच की सांगताना ह्यांची मान खाली होती. तुझं अक्षर मात्र नेहमीसारखं सुरेख आहे.

तुझं 'जंगलाची माणसं' वाचून मी उठले आणि सोमारीच्या झोपडीवर गेले. म्हटलं, बघू तरी आभाळ कसं कोसळत नाही ते. तिने दोन गाडगी आणि जातं बाहेर काढून ठेवलं होतं. बावीस वर्षं त्या बांधावर राहिली आहे, हा फार्म सरकारचा व्हायच्या आधीपासून. मी तिला सरळ विचारलं, झुबक्यासाठी लोंब्या घेताना कोणाला विचारलं होतंस का?

"इचारायचं काय त्यात? चार महिने मी त्याईच्या पोटावर मारलं, बाई. कापनी झाली का त्याईचं त्याईले द्या लागते. नाई त मंग पुढच्या साली कोन्त्या तोंडानं हाकलू?"

मी म्हटलं, साहेब त्याला चोरी म्हणतील.

"म्हनू दे. बंगल्यावर टांगला तवा बाईसाहेब हासल्या. तवा नोती चोरी?"

तेव्हा नव्हती. आता आहे. हुकूम निघाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी बंगल्यावरचा झुबका उतरला आणि गाईपुढे गेला. मग बाकीच्या क्वार्टरांनीही आपापले उतरवले. आमच्या झुबक्याला ह्यांनी हात घातला तेव्हा मी विळा घेऊन ओसरीवर उभी राहिले. म्हटलं, तो उतरला तर या घरात चूल पेटणार नाही. तीन दिवस आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. मुनिया येतात, खातात, भांडतात. त्यांच्याकडे बघूनही चीड येते आता. कॅमेरा पेटीत टाकला आहे.

चोरीची भीती मला घालू नकोस. सोमारीला ती नाही, तर मला कशाला? तुला मात्र आहे, आणि ती चोरीची नाही, प्रदर्शनाच्या कामाची आहे. वहिनीच्या न्हाणीच्या भिंती सोमारीच्या झोपडीच्या कुडाने बांधणार आहेस का?

नागपूरचे मोठे साहेब एक तारखेला तपासणीला येणार आहेत. तू लिहून देणार नसशील तर नको देऊ. मला निगेटिव्ह पाठव. ती माझी आहे. रोल माझा, पाखरं माझ्या ओसरीवरची, दोरा माझ्या हातात होता. त्यात वळचण आहे, दार आहे, धोतर आहे. तुझी कात्री निगेटिव्हवर चाललेली नाही ना? तेवढीच पाठव.

नीला

*

चांदा
ता. २३ जानेवारी १९५८

चि. सौ. नीला,

दुकानात गर्दी आहे, थोडक्यात लिहितो. सहाव्या नंबरची निगेटिव्ह वाळताना चिकटली आणि फाटली. टाकून द्यावी लागली. माझाही नाइलाज आहे. प्रकरण आता मिटव.

गुणवंतभाऊ

*

चांदा
ता. २४ जानेवारी १९५८

सौ. नीलावन्संस,

कमळाचा नमस्कार. मी पत्र लिहीत नाही हे तुम्हाला माहीत आहे. आज लिहिते, कारण ह्यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मी पोस्टात टाकायच्या आधी वाचलं.

निगेटिव्ह फाटलेली नाही. न्हाणीतल्या फळीवर बिस्किटाच्या डब्यात होती. त्याच फळीवर पूर्वी माझं शिकेकाईचं वाटण असायचं, त्यामुळे तिथे काय असतं ते मला न बघता सापडतं. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून, शिवून पाठवते आहे.

तुमचं सोळा तारखेचं पत्रही मी वाचलं. न्हाणीचं जे लिहिलंत ते झोंबलं. मला न्हाणी हवी आहे, अशी नको. आमच्या घरात चार दिवस बोलणं बंद आहे. तुमच्याकडेही आहे असं कळलं.

कमळा

*

कोसमटोली
ता. ३ फेब्रुवारी १९५८

गुणवंतभाऊ,

फाटलेली निगेटिव्ह मिळाली. चांगली आहे. ओरखडासुद्धा नाही.

शनिवारी मोठे साहेब आले. ऑफिसच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं, टेबलावर तुझी प्रिंट. मी बोलावल्याशिवाय गेले. आमचे साहेब म्हणाले, बायकांचं इथे काम नाही. मी म्हटलं, फोटो मी काढला आहे, म्हणून आले. मोठे साहेब म्हातारे आहेत, ते म्हणाले, येऊ द्या.

मी निगेटिव्ह काढून उन्हात धरली. ते खुर्चीवरून उठले, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या हाताखाली वाकून बघायला लागले. काळ्याचं पांढरं झालेलं, पण वळचण ती वळचण आणि दार ते दार. ह्यांचं धोतर काळंकुट्ट. ते म्हणाले, "हे कुठलं घर?" मी म्हटलं, समोरचं. चला, झुबका अजून तिथेच आहे. आणि ते खरंच आले, मागे सगळं ऑफिस.

आमच्या साहेबांचा चेहरा बघायला तू हवा होतास. पण तोंड बंद पडलं नाही त्यांचं. ओसरीवर येताच म्हणाले, म्हणजे सरकारी बियाणं चोरीला गेलं आहे, ही तर हयगयीपेक्षा मोठी गोष्ट. तू लिहिलं होतंस तसंच. सोमारीला बोलावणं गेलं. मोठ्या साहेबांनी तिला विचारलं, धान कोणाला विचारून कापलं? तिने मला सांगितलं होतं तेच त्यांना सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. शेवटी म्हणाली, "तुमाले हे चोरी वाटत असन त लिवा चोरी. पन मी झोपली होती असं नोका लिवू. मी झोपली नाई."

आणि मग भाऊ, हे बोलले. हे, तुझे जावईबापू, ज्यांनी तीन महिने तोंड उघडलं नव्हतं. पुढे झाले, झुबक्यातली एक लोंबी तोडून मोठ्या साहेबांच्या तळहातावर ठेवली. "चोळून पाहा साहेब. पाखरानं हिले चोच लावली नाई. आतमधी काई नाई." साहेबांनी चोळली. नुसता कोंडा. दुसरी चोळली, तिच्यातही चार-दोनच दाणे. ह्यांनी सांगितलं, झुबका प्लॉट नंबर तीनचाच, आणि अख्खा प्लॉट असा आहे. पाखरू दाणा खाईल, टरफल सोडून देईल. इथे टरफल न उघडता दाणा नाही, तो भरलाच नाही. आणि का भरला नाही, तलावाचा पाट कोणाच्या सांगण्यावरून बंद होता, कोणते पाहुणे आले होते, किती दिवस राहिले, सगळं सांगितलं. मला ह्यांचा इतका राग होता, तो त्या क्षणी कुठे गेला ते कळलं नाही. तुझ्यावरचा शाबूत आहे.

आता नीट वाच. मोठ्या साहेबांनी बरोबर आणलेली प्रिंट उलटी केली आणि तुझी सही मला दाखवली. म्हणाले, बाई, मला पटलं आहे. पण कागदावर फोटोवाल्याने लिहून दिलं आहे की हा प्लॉट नंबर तीन आहे. तो स्वतः लेखी खोडत नाही, तोवर मला हुकूम रद्द करता येत नाही. पंधरा तारखेपर्यंत लेखी आलं तर ठीक, नाही तर आहे तो हुकूम कायम.

सोमारीची झोपडी एकतीस तारखेला मोकळी झाली. तिची गाडगी आणि जातं आमच्या ओसरीवर आहे, तीही तिथेच झोपते, तुझ्या कापलेल्या वळचणीखाली.

मला पत्र लिहू नकोस. समजूत घालू नकोस, आशीर्वाद लिहू नकोस. जे लिहायचं ते त्यांना लिही. पंधरा तारखेनंतर तुझं पाकीट आलं तर मी न फोडता परत पाठवीन, आणि पुढच्या भाऊबीजेला मला भाऊ नाही असं समजेन.

नीला

*

चांदा
ता. ९ फेब्रुवारी १९५८

मे. मोठे साहेब, शेतकी खाते, यांचे सेवेशी
(प्रत सौ. नीलाबाई, कोसमटोली यांना)

मी गुणवंतराव, फोटोग्राफर, राहणार चांदा, स्वखुशीने लिहून देतो की:

दोन मुनियांचा जो फोटो आपल्याकडे आहे, तो माझी बहीण नीलाबाई हिने डिसेंबर महिन्यात आपल्या घराच्या ओसरीवर काढला. त्यात शेत नाही. फोटोत वळचण, लोंब्यांची वेणी, दार व कपडा होता, तो भाग मी कापला.

फोटोमागील मजकूर माझ्या हातचा आहे. तो खोटा आहे. फार्मच्या साहेबांनी मजकूर सांगितला, परंतु जबरदस्ती केली नाही. फोटो ओसरीवरचा आहे हे बहिणीने मला आधीच पत्राने कळवले होते. सोमारी नावाची बाई तिथे राखण करते, हेही त्याच पत्रात होते. साहेबांनी मजकूर सांगताना 'राखणदारीण कामचुकार आहे' असे शब्द काढले होते. त्यामुळे हा कागद कोणाविरुद्ध जाणार, हे मला लिहिताना समजले होते. मला प्रदर्शनाचे काम हवे होते, म्हणून मी लिहिले. मला हे समजले नव्हते असे मी बहिणीला कळवले, तेही खोटे आहे. निगेटिव्ह फाटली हेही खोटे आहे.

दुकानाच्या काचेतला फोटो मी काढून घेतला आहे. मी हे लिहून देणार असे फार्मच्या साहेबांना सांगितल्यावर प्रदर्शनाचे काम माझ्याकडून काढून घेतल्याचे आज कळवण्यात आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

सोमारी हिचा यात काही दोष नाही. सही करतो.

गुणवंतराव

*

कोसमटोली
ता. २६ फेब्रुवारी १९५८

गुणवंतभाऊ,

तुझं लेखी वेळेत पोचलं. सोमारी सोमवारपासून कामावर आहे, झोपडीही मिळाली. कूड साहेबांच्या माणसांनी मोडून नेला होता, तो ह्यांनी आणि पत्रूने मिळून पुन्हा घातला. साहेबांची चौकशी सुरू आहे असं म्हणतात. आमची बदली मात्र झाली, सिरोंच्याला. हे म्हणाले, तिकडे तेलुगू शिकावं लागेल. वहिनीला माझा नमस्कार सांग, तिला वेगळं पत्र लिहिते आहे.

राग गेला असं समजू नकोस. तू खरं लिहिलंस म्हणून कार्ड पाठवते आहे, एवढंच.

तुझं लेखी सोमारीने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा उभ्याने ऐकलं, दुसऱ्यांदा बसून. शेवटी म्हणाली, "एवढं खरं लिवता येत होतं त्याले, त आंदी काऊन नाई लिवलं?"

तुझ्याजवळ याचं उत्तर असेल तर तिलाच लिही. आम्ही इथून निघेपर्यंत मी तिला वाचून दाखवीन.

नीला